मुद्दाम बंद पाडण्याचा व्यवसाय

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचं शब्दांकन)



या व्यासपीठावर दरवर्षी गायक, लेखक, डॉक्टर अशी मंडळी येतात. यंदा आपल्यातल्याच एका सभासदाला बोलावलंत, याबद्दल मनापासून आभार. बंगळुरूत सॉफ्टवेअरवाल्यांचं अप्रूप नाही, हे मला ठाऊक आहे. इथे प्रत्येक रांगेत निदान चार तरी बसले असतील! फरक इतकाच, की बाकीचे गोष्टी चालू करतात आणि मी त्या बंद पाडते. पगारही त्याचाच मिळतो. माझ्या सासूबाईंनी बरीच वर्षं हे शेजारी कुणाला सांगितलं नव्हतं.

मी सुरुवात केली ती साध्या टेस्टिंगपासून. बटण दाबलं की पैसे योग्य खात्यात जातात का, चुकीचा पासवर्ड दिला तर दार बंद राहतं का, एवढंच तपासायचं. पण तपासणीत उत्तीर्ण झालेला प्रोग्रॅम प्रत्यक्षात एकटा कधीच नसतो. त्याच्या मागे शेकडो सर्व्हर, डेटाबेस, नेटवर्क, दुसऱ्या कंपन्यांच्या सेवा असा मोठा गोतावळा असतो. त्यातला एक सर्व्हर मंदावला, की त्याच्यावर अवलंबून असलेले सगळे वाट पाहत थांबतात. लोक कंटाळून तेच बटण पुन्हा पुन्हा दाबतात. कामाचा बोजा वाढतो आणि धडधाकट सर्व्हरही आडवे होतात. प्रत्येक भाग आपापल्या जागी बरोबर असतो, तरी सगळा डोलारा कोसळतो. म्हणूनच आमच्यात म्हणतात, मेलेला सर्व्हर परवडला, रेंगाळणारा नको.

हे आधी कसं कळणार? एकच उपाय आहे, आपणच थोडं बिघडवून पाहायचं. अमेझॉनमध्ये जेसी रॉबिन्स नावाच्या अभियंत्याने २००० नंतरच्या दशकात अशा कवायती सुरू केल्या. हे गृहस्थ अग्निशमन दलातही काम केलेले. आग लागल्यावर शिडी कशी लावायची हे शिकता येत नाही, त्याचा सराव आधीच हवा, हा त्यांचा अनुभव त्यांनी संगणकाच्या कामात आणला.

दुसरं उदाहरण नेटफ्लिक्सचं. ऑगस्ट २००८ मध्ये त्यांचा मुख्य डेटाबेस बिघडला. तेव्हा ही कंपनी टपालाने डीव्हीडी पाठवत असे, आणि तीन दिवस तिला डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. त्यानंतर त्यांनी आपला कारभार हळूहळू अमेझॉनच्या भाड्याच्या यंत्रणेवर हलवला आणि 'केऑस मंकी' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. चालू असलेल्या सर्व्हरांपैकी वाटेल तो निवडून बंद करायचा, हे त्याचं काम. २०१२ मध्ये त्यांनी तो सर्वांसाठी खुला केला.

आपल्याला वाटेल, हे तर माकडाच्या हाती कोलीत! पण यात एक शिस्त आहे. हे माकड कामाच्या वेळेत फिरायचं, म्हणजे दुरुस्ती करणारी माणसं जागेवर असताना. आमचे नियमही तसेच. सगळं ठीक असताना आकडे काय असतात ते आधी लिहायचं. मग बिघाड केल्यावर काय होईल याचा अंदाज लिहायचा. बिघाड लहान ठेवायचा, आणि प्रयोग त्या क्षणी थांबवता येईल अशी सोय हाताशी ठेवायची. अंदाज खरा ठरला तर आनंद, चुकला तर त्याहून आनंद, कारण तो दिवसाउजेडी चुकला.

अर्थात जे करून पाहिलं नाही ते राहतंच. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक आणि व्हॉट्सअॅप सुमारे सहा तास बंद होतं, आठवतं? नेहमीच्या देखभालीत दिलेल्या एका आदेशाने त्यांची डेटा सेंटर्स एकमेकांपासून तुटली. अभियंत्यांची दुरुस्तीची साधनंही त्याच जाळ्यावर असल्यामुळे तीही बंद पडली. ही कंपनी कवायती करत होती, पण संपूर्ण जाळंच नाहीसं झालं तर, याची कवायत त्यांनी केलेली नव्हती. हे त्यांनी स्वतःच जाहीरपणे लिहिलं.

आता माझ्या कामात मला सगळ्यात जड गेलेला प्रयोग सांगते. तो कुठल्या यंत्राचा नव्हता. एका कंपनीत पगाराची यंत्रणा बंद पडली, की ती पुन्हा सुरू करणं एकाच माणसाला येत असे. माणूस सिंधुदुर्गचा. पण कित्येक वर्षांत त्याला गणपतीला पाच दिवस सलग घरी राहता आलं नव्हतं, कारण फोन यायचा. आम्ही ठरवलं, एक दिवस हा माणूस 'नाही' असं धरायचं आणि यंत्रणा बाकीच्यांनी उभी करायची.

तो माझ्यावर चिडला. "मी नसलो तरी चालतं, हेच दाखवायचंय ना तुला?" त्याची भीती खोटी नव्हती. वर बसलेल्यांपैकी एकाने मला खरंच विचारलं होतं, "मग त्याची गरज उरते का?" मी अट घातली, की या प्रयोगाचा निकाल कुणाच्याही मूल्यमापनात वापरायचा नाही, आणि ते लेखी द्यायचं. आठवडाभर वाद झाला, शेवटी कागद मिळाला. प्रयोगाच्या दिवशी बाकीचे दुपारपर्यंत अडकले. अकरा पायऱ्यांपैकी चार कुठेच लिहिलेल्या नव्हत्या, त्या फक्त त्याच्या डोक्यात होत्या. संध्याकाळी त्याने स्वतः बसून त्या लिहून काढल्या. पुढच्या वर्षी तो गौरी जेवेपर्यंत गावी राहिला, फोन आला नाही. परत आल्यावर म्हणाला, "एकदा तरी करायचा होतात!"

म्हणून या क्षेत्रात येणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं आहे. बिघाड शोधणं शिकता येतं, पण सापडलेल्या बिघाडासाठी कुणाला धारेवर धरू न देणं, हे खरं काम आहे. ते जमलं नाही तर लोक दोष लपवू लागतात आणि मग कितीही माकडं सोडा, उपयोग नाही.

आणि सर्वांसाठी एक गृहपाठ. विम्याचे कागद, बँकेची माहिती, गावाकडच्या आई-वडिलांच्या डॉक्टरांचा नंबर, हे घरात एकालाच ठाऊक असेल, तर येत्या रविवारी ते दुसऱ्याने शोधून दाखवावं. फोटोंचा बॅकअप घेतला असेल, तर त्यातला एक फोटो परत उघडून पाहा. जो परत आणून पाहिला नाही तो बॅकअप नव्हे, ती नुसती श्रद्धा.

श्रद्धा बाप्पांवर असू द्या, बॅकअप मात्र तपासून घ्या!

गणपती बाप्पा मोरया!