दोन संघांचा एक संघ
(युवक मंडळांचे पदाधिकारी, शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या भाषणावरून)



आपल्याकडे क्रीडा मंडळांची वाण नाही. वाण आहे ती मैदानाची, निधीची आणि सातत्याची. एकाच गावात दोन मंडळे असतात. दोघांकडे गुणी खेळाडू असतात, दोघांचा अभिमानही जाज्वल्य असतो; परंतु मैदान दुसऱ्याचे, प्रशिक्षक हौशी आणि हिशेबाच्या वहीत तूट! अशा वेळी कोणीतरी सुचवितो, ‘दोघे एक का होत नाही?’ सूचना सोपी, अंमलबजावणी मात्र अवघड. हे अवघड काम स्कॉटलंडमधील एका शहराने केले. त्यात काय साधले आणि काय निसटले, हे आज आपणापुढे मांडावयाचे आहे.

स्कॉटलंडच्या उत्तरेस हायलँड हा डोंगराळ प्रदेश आहे. इन्व्हर्नेस हे त्याचे मुख्य शहर. शहर बेताचेच, तथापि तेथे कॅलेडोनियन, थिसल आणि क्लाख्नाकडिन असे तीन फुटबॉल क्लब एकाच वेळी नांदत होते. पैकी कॅलेडोनियन व थिसल हे दोन्ही १८८५ साली स्थापन झाले. १८९३-९४ मध्ये हायलँड लीग सुरू झाली, तेव्हा पहिले विजेतेपद थिसलने मिळविले. कॅलेडोनियनचा रंग निळा, थिसलचा तांबडा-काळा. एकाचे मैदान टेलफर्ड स्ट्रीट, दुसऱ्याचे किंग्जमिल्स. घराण्याघराण्यांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही निष्ठा होती.

उणीव एकच होती. हायलँड लीग कितीही वेळा जिंकली, तरी तेथून स्कॉटलंडच्या राष्ट्रीय लीगमध्ये आपोआप बढती मिळण्याची सोय त्या काळी नव्हती. पुढे राष्ट्रीय लीगची प्रत्येकी दहा संघांच्या चार श्रेणींत पुनर्रचना करण्याचे ठरले आणि दोन नव्या संघांसाठी दार उघडले. अशी संधी वारंवार येत नाही. एकाच शहरातील क्लब परस्परांविरुद्ध उभे राहिले असते, तर शहराचा दावा दुबळा झाला असता. म्हणून कॅलेडोनियन व थिसल यांनी एकत्र येऊन एकच अर्ज केला. जानेवारी १९९४ मध्ये तो मान्य झाला. दुसरी जागा जवळच्याच डिंगवॉल गावच्या रॉस काउंटीला मिळाली. क्लाख्नाकडिन या विलीनीकरणात सामील झाला नाही. तो आजही हायलँड लीगमध्ये खेळतो.

हे सर्व सुरळीत पार पडले असे मात्र नव्हे. कॅलेडोनियनच्या अनेक सभासदांनी कडाडून विरोध केला. सभा वादळी झाल्या. काही जुने प्रेक्षक नव्या संघाच्या सामन्यांकडे फिरकलेच नाहीत. या भावनेस आडमुठेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. कोल्हापूरकरांना ती समजावून सांगावी लागणार नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार किंवा खंडोबा तालमीचा सामना असला म्हणजे खेळतात अकरा जण, पण मैदानात उतरते ती सारी पेठ! ज्या संघाशी पेठेचे नाव जोडलेले असते, तो संघ केवळ ठरावाच्या कागदाने विसर्जित होत नाही.

इन्व्हर्नेसच्या धुरीणांनी ही गोष्ट काही अंशी ओळखली होती. नव्या क्लबचे नाव ‘कॅलेडोनियन थिसल’ ठेवले गेले, म्हणजे दोन्ही नावे टिकली. पोशाखात निळ्याबरोबर तांबडा रंग आला. १९९६ मध्ये नावाआधी शहराचे नाव जोडले गेले आणि त्याच वर्षी संघ समुद्राच्या खाडीकाठी बांधलेल्या नव्या मैदानावर गेला. दोन्ही जुनी मैदाने सुटली. हा त्याग लहान नव्हता, परंतु तो दोघांचाही होता. एकाने दुसऱ्याच्या घरी कायमचे आश्रित होऊन राहावे, असे घडले नाही.

फळही मिळाले. सर्वांत खालच्या श्रेणीतून सुरुवात केलेल्या या संघाने फेब्रुवारी २००० मध्ये स्कॉटिश चषकात बलाढ्य सेल्टिकला त्यांच्याच मैदानावर ३-१ असे नमविले. २००४ साली तो सर्वोच्च श्रेणीत पोहोचला. त्या वेळी १०,००० आसनांची अट आडवी आली आणि संघाला ‘घरचे’ सामने दूरच्या अ‍ॅबर्डीन शहरी खेळावे लागले. पुढे अट ६,००० आसनांवर आली, तेव्हा जानेवारी २००५ मध्ये तो स्वगृही परतला. मे २०१५ मध्ये फॉलकर्कला २-१ ने हरवून त्याने स्कॉटिश चषकच जिंकला.

येथेच थांबलो, तर चित्र अपुरे राहील. २०१७ साली संघ सर्वोच्च श्रेणीतून खाली उतरला. २०२४ मध्ये तो तिसऱ्या श्रेणीत घसरला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आर्थिक डबघाईमुळे क्लबचा कारभार प्रशासकांच्या हाती गेला. नियमानुसार १५ गुणही कापले गेले. तात्पर्य स्पष्ट आहे. विलीनीकरणाने दार उघडते. घर चालवावयाचे ते जमाखर्चाच्या शिस्तीनेच. दोन तुटींची बेरीज केल्याने शिल्लक होत नाही.

आपल्याकडे दोन मंडळांना एकत्र यावयाचे असेल, तर कायद्याची वाट आखलेली आहे. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० च्या कलम १२ नुसार प्रस्ताव लेखी स्वरूपात सभासदांपुढे ठेवावा लागतो. विशेष सभेची दहा दिवसांची सूचना द्यावी लागते, तीन-पंचमांश मते मिळवावी लागतात आणि एक महिन्याच्या अंतराने दुसऱ्या विशेष सभेत तेवढ्याच मतांनी ठराव कायम करावा लागतो. सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था म्हणून नोंद झालेल्या संस्थांचे एकत्रीकरण करून सामायिक योजना आखण्याचा अधिकार महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ५०-अ अन्वये धर्मादाय आयुक्तांना आहे.

दोन सभांमधील तो महिना काही जणांना विलंब वाटतो. माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा काळ होय. त्या अवधीत दोन्ही मंडळांचे हिशेब एकमेकांपुढे उघडावेत. नाव, रंग, चषक व जुन्या खेळाडूंचे स्मरण यांचे काय करावयाचे, ते लिहून ठरवावे. विरोध करणाऱ्यांच्या घरी जाऊन त्यांचे ऐकावे. ग्रामपंचायतीने मध्यस्थी जरूर करावी, मैदानाची जागा देऊ करावी. परंतु निर्णय सभासदांचाच असू द्यावा. शिक्षकांनी तर याहून आधी आरंभ करावा. दोन्ही मंडळांची बारा-चौदा वर्षांची मुले एकाच संघातून खेळू लागली, तर मोठ्यांचे ठराव पुष्कळ सोपे होतील.