शाळा मुलाच्या दारीं

पुण्याच्या वायव्येचें वाकड एके काळीं शेतीचें गांव होतें. शेजारच्या हिंजवडीच्या उद्योगांमुळें आज तेथें उंच इमारती उभ्या आहेत. त्या बांधणारे मजूर मात्र पत्र्याच्या खोल्यांत राहतात आणि काम संपतांच बिऱ्हाड उचलतात. असें सतत गांव बदलणाऱ्या मुलाचें नांव कोणत्या हजेरीपटांत टिकावें?

हा प्रश्न ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं पूर्वींच ओळखला होता. १९४५ सालीं बोर्डी येथें त्यांनीं बालशिक्षणाचें काम आरंभिलें. पुढें कोसबाडला गुरें राखणाऱ्या वारली मुलांसाठीं कुरणशाळा निघाली. मूल शाळेंत येत नसेल, तर शाळेनें मुलाकडे जावें, हें तिचें सूत्र. रजनी परांजपे व बीना शेठ लष्करी यांनीं १९८८ सालीं मुंबईंत स्थापिलेल्या 'डोअर स्टेप स्कूल'नेंही हाच मार्ग धरला. पुण्यांत बांधकामांच्या जागीं वर्ग भरविले, बसगाडींतच शाळा थाटली.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें अशा मुलास वयानुरूप वर्ग व विशेष शिकवणीचा हक्क दिला. परंतु दहा वर्षांचें मूल प्रथमच अक्षर गिरवूं लागतें, तेव्हां वर्ग हंसतो कीं सरकून जागा देतो, यावर पुष्कळ अवलंबून असतें. गुरुजींनीं उशिराबद्दल रागावण्यापूर्वीं कारण विचारावें, मुलाच्या बोलीस हंसूं देऊं नये, चार दिवस तें न दिसल्यास खोलीपर्यंत जावें. अशा शाळेंतच मूल टिकतें.

नव्या घरांत राहावयास जाणाऱ्यांनीं तें घर बांधणाऱ्याचें मूल कोणत्या शाळेंत जातें, हें एकदां विचारून पाहावें.