शाळा सुटल्यानंतरचे तास



शाळेची घंटा झाली म्हणजे मुलाचा शिकण्याचा दिवस संपला असें आपण धरून चालतों. वस्तुतः दिवसाचा जो भाग मुलाच्या स्वतःच्या मालकीचा असावयास हवा, तो तेथूनच सुरू होतो. तो सर्वच मुलांच्या वांट्यास येतो काय, हा आजचा प्रश्न आहे.

बारवी धरणाचें पाणी अंबरनाथ-उल्हासनगरच्या बाजूचीं शहरें आणि कारखाने वापरतात. या शहरांत मुलांचे हे तास शिकवणीचे वर्ग खाऊन टाकतात. धरणाच्या आसपासच्या पाड्यांवर तेच तास घरकामांत जातात. पाणी, लाकूडफांटा, शेळ्या आणि सर्वांत जड म्हणजे कडेवरचें धाकटें भावंड! हें शेवटचें ओझें बहुधा मुलीकडेच असतें. अशा मुलीसाठीं आपण शाळेच्या दालनांत पांच वाजतां गाण्यांचा वर्ग ठेवतों, ती येत नाहीं, आणि पालकांना आस्था नाहीं असें आपण ठरवितों. हा निष्कर्ष सोयीचा आहे, खरा नव्हे.

या कोड्याची उकल जुन्या ठाणें जिल्ह्यांतच झालेली आहे. ताराबाई मोडक यांनीं १९४५ मध्यें बोर्डी येथें बालशिक्षणाचें केंद्र काढलें. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मुलें बालवाडींत येत नाहींत असें दिसतांच बालवाडीच त्यांच्या अंगणांत नेण्यांत आली व तिला 'अंगणवाडी' हें नांव मिळालें. १९५७ मध्यें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथें गुराख्यांच्या मुलांसाठीं 'कुरणशाळा' निघाली. गुरें चरावीं आणि मुलांनीं तेथेंच शिकावें. 'विकासवाडी'त पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणलीं. धाकट्यास पाळणाघरांत ठेवून थोरलीला शिकावयास बसतां येऊं लागलें.

बारवीच्या परिसरांत सायंवर्ग काढणाऱ्यांनीं हाच धडा गिरवावा. वर्ग पाड्यावरच्या एखाद्या ओट्यावर, पाणी भरून झाल्यावर भरावा. लहानग्यांसाठीं निराळी चटई असावी आणि त्यांना सांभाळण्यास पाड्यांतीलच एका बाईस मेहनताना द्यावा. खर्चाची खरी बाब हीच. आपल्या समित्या मात्र प्रथम कॅरमचे फलक घेतात! शाळेंतला पाठ तेथें पुन्हां घोकून घेऊं नये. गोष्टी, खेळ, गाणीं यांना प्रथम स्थान द्यावें. ज्या मुलास रानांतलीं झाडें पानावरून ओळखतां येतात, त्यास निदान एक घटका तरी सांगणाऱ्याच्या जागीं बसवावें.

आणखी एक अडचण आहे. दिवाळीनंतर कित्येक कातकरी कुटुंबें वीटभट्ट्यांवर जातात, तीं पावसाळ्याच्या तोंडीं परततात. तितके महिने हजेरीपटावर नुसती गैरहजेरी लागते. 'विधायक संसद' या संस्थेनें ठाणें जिल्ह्यांत भट्ट्यांवरच 'भोंगाशाळा' चालविल्या. सायंवर्गानेंही तसेंच मुलांमागें जावें.

वेळापत्रक छापण्यापूर्वीं कार्यकर्त्यांनीं सलग आठ दिवस सायंकाळीं पाड्यावर हिंडावें आणि कोणतें मूल कोठें आहे हें वहींत टिपावें. त्याच वहींत कडेवरच्या मुलांची संख्याही लिहावी. चटई किती लांब लागेल तें त्यावरून ठरेल.