जहाजांचा कचरा कोण उचलणार?

सुरतेत मराठी व्याख्यान म्हटलं की पहिल्या पाच मिनिटांत शिवाजी महाराज येणारच. अध्यक्षांनी प्रास्ताविकात १६६४ काढलं, १६७० काढलं, टाळ्याही घेतल्या. वक्ते उठले ते हसतच. "ते तुम्हाला पाठ आहे, मी तिकडे जात नाही," असं म्हणत ते थेट सुवालीच्या किनाऱ्यावर पोचले. तापीच्या मुखाशी गाळ फार, त्यामुळे इंग्रजांची मोठी जहाजं सुवालीला नांगर टाकत. १६१२ साली पोर्तुगीजांशी त्यांची चकमक झाली तीही तिथेच. आज त्याच पट्ट्यात हजिऱ्याचं बंदर आहे, एलएनजीचं टर्मिनल आहे, पोलादाचा कारखाना आहे. "आणि गाळ आपल्या भुसावळचा!" मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. सभागृहात निम्मा खानदेश बसलेला. हशा बराच वेळ टिकला.

पत्रिकेवर विषय होता ‘जहाजवाहतूक आणि समुद्राचं आरोग्य’. पण वक्ते निवृत्त मरीन इंजिनियर. ज्याची हयात इंजिनरूममध्ये गेली, त्याला समुद्रही तिथूनच दिसतो.

सुरुवात मात्र त्यांनी लोकांच्या ओळखीच्या गोष्टींनी केली. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर झाली. सुमारे ८०० टन तेल सांडलं आणि कंटेनर समुद्रात तरंगू लागले. बरोबर वर्षाने, ऑगस्ट २०११ मध्ये, ‘राक’ नावाचं जहाज ६० हजार टन कोळसा घेऊन मुंबईजवळ बुडालं. "कोळसा कुठे निघाला होता? दहेजला. तुमच्या शेजारी!" २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने त्यापायी जहाज कंपन्यांना १०० कोटी आणि कोळशाच्या मालकाला ५ कोटी भरायला सांगितले. मे २०२५ मध्ये केरळजवळ ‘एमएससी एल्सा ३’ बुडालं. त्यात ६४० कंटेनर होते, आणि प्लास्टिकचे बारीक दाणे किनाऱ्यावर येऊन पडले.

"हे झाले अपघात," असं म्हणून त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "अपघाताला कॅमेरे येतात." टँकरमधून मोठी तेलगळती होण्याचे प्रकार १९७० च्या दशकात जगभरात वर्षाला सरासरी ७९ होते, २०१० च्या दशकात ते सहाच्या आसपास आले. मग पावसाळ्याच्या तोंडावर गोव्यापासून गुजरातपर्यंतच्या किनाऱ्यांवर डांबराचे गोळे येतात ते कुठून? सगळेच काही जहाजांचे नसतात, हे त्यांनी मान्य केलं. समुद्रातल्या तेलविहिरीही आहेत. पण टँकरच्या टाक्या धुतलेलं पाणी आणि इंजिनरूमचं बिल्ज यांना वगळून हिशोब लागत नाही.

इथून व्याख्यान जे बिल्जमध्ये उतरलं, ते फारसं वर आलंच नाही.

इंजिनरूमच्या तळाशी पंपांची गळती, सांडलेलं वंगण, धुण्याचं पाणी असं सगळं साचतं. ते बिल्ज. नियम सांगतो की ते सेपरेटरमधून गाळायचं, आणि पाण्याच्या दहा लाख भागांत तेल १५ भागांपेक्षा जास्त नसेल तरच बाहेर सोडायचं. मीटरने तेल जास्त दाखवलं की झडप फिरते आणि पाणी परत टाकीत येतं. गाळून उरलेला काळा गाळ साठवायचा आणि बंदरात द्यायचा. वक्त्यांनी माइकचा दांडा पाइपसारखा धरून चोरवाट दाखवली. मीटरच्या तोंडाशी गोड्या पाण्याची बारीक नळी सोडून ठेवायची. मीटर गोडं पाणी चाखतो आणि खूश राहतो. घाण समुद्रात जाते. नाहीतर सेपरेटरला वळसा घालणारा पाइपच जोडायचा. खलाशांमध्ये त्याला ‘मॅजिक पाइप’ म्हणतात.

मग ‘कॅरिबियन प्रिन्सेस’ची गोष्ट निघाली. पाच मिनिटांची म्हणून सुरू झाली आणि पंचवीस मिनिटं चालली. पर्यटकांचं अवाढव्य जहाज, वर पोहण्याचे तलाव, आणि खाली असाच पाइप. ऑगस्ट २०१३ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यापासून काही मैलांवर घाण सोडली गेली. नव्यानेच रुजू झालेल्या एका इंजिनियरने ते पाहिलं, साउदॅम्प्टनला तो जहाजावरून उतरला आणि त्याने तक्रार केली. २०१६ मध्ये कंपनीने अमेरिकेत गुन्हा कबूल केला आणि ४ कोटी डॉलरचा दंड मान्य केला. त्या पोराला १० लाख डॉलर बक्षीस मिळालं. "इंजिनियरिंगला घाला मुलांना," वक्ते म्हणाले, तेव्हा पालकवर्ग खुलला.

पण दंडाने प्रश्न सुटतो यावर त्यांचा विश्वास नाही. त्यांचं म्हणणं एकच, आणि ते त्यांनी तीन-चारदा सांगितलं: बंदराने जहाजाची घाण वेगळे पैसे न मागता उतरवून घ्यावी. खर्च बंदराच्या शुल्कातच धरावा, घाण दिली काय नि न दिली काय, तेवढंच शुल्क. मग फेकण्यात फायदा काय? बाल्टिक समुद्रात १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून ही पद्धत आहे. तिथे विमानातून टेहळणी करताना १९८९ मध्ये साडेसातशेहून जास्त तवंग सापडले होते. २०१५ मध्ये ते शंभराच्या आत आले. विमानांचा धाकही त्यात आहे, हे त्यांनी ओघात, जरा घाईने सांगितलं. मग बोट श्रोत्यांकडे गेलं. १९९४ च्या प्लेगनंतर सुरत स्वच्छ झाली ती सुविचारांच्या पाट्यांनी की पुढच्या वर्षी आयुक्त राव यांनी अधिकाऱ्यांना रोज सकाळी रस्त्यावर उतरवून कचरा उचलायला लावला म्हणून? प्लेग पाहिलेली पिढी समोरच होती. टाळ्या आपसूक पडल्या.

"आणि तापीत कारखान्यांचं पाणी जातं, त्याचं काय?" एक गृहस्थ मध्येच उभे राहिले. वक्ते जरा चिडले. तो दुसऱ्या व्याख्यानाचा विषय, म्हणाले. दुसऱ्याने बंदरावरच्या नोकऱ्यांचं काय ते विचारलं. त्यावर त्यांनी हजिऱ्याच्या मच्छीमारांच्या अर्जाची आठवण करून दिली. त्या अर्जावर जानेवारी २०१६ मध्ये हरित न्यायाधिकरणाने बंदर-विस्ताराची पर्यावरण मंजुरी रद्द करून २५ कोटी भरायला सांगितले होते. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. "मी बंदराच्या विरोधात नाही, बंदरानेच मला जेवू घातलंय," असंही ते म्हणाले. आवाज थोडा चढला होता.

तेवढ्यात वेळ संपल्याची चिठ्ठी आली. बॅलास्टचं पाणी, धूर, अलंग सगळंच राहिलं होतं, ते दोन मिनिटांत उरकलं. जहाजाचा तोल राखायला टाक्यांत भरतात त्या बॅलास्टमधून परमुलखातले जीव येतात. कॅरिबियनकडची एक शिंपली मुंबई आणि विशाखापट्टणमच्या गोद्यांत कधीची ठाण मांडून आहे. त्याविषयीचा करार २०१७ पासून लागू आहे. इंधनातल्या गंधकाची मर्यादा २०२० मध्ये साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली. समोरच्या काठावर अलंगला जहाजं मोडतात, तिथे हाँगकाँगचा करार जून २०२५ पासून लागू झाला. अलंगसाठी खरं तर एक अख्खी संध्याकाळ हवी होती.

प्रश्नांना वेळ नव्हता, तरी एक हात वर आला. हे बिल्जचे नियम घोघ्याच्या फेरीबोटीलाही आहेत का? ४०० टनांवरच्या प्रत्येक जहाजाला तेलाची नोंदवही ठेवावी लागते, वक्ते म्हणाले. मच्छीमार होड्या त्यातून सुटतात, त्यांच्या इंजिनातलं जळकं तेल कोण मोजतो? त्यावर कडेला उभा असलेला एक तरुण, ज्याच्या मामाच्या दोन होड्या आहेत, म्हणाला, "काका, ते कोण फेकतंय? भंगारवाला जेट्टीवर येऊन लिटरवर विकत नेतो."

"त्या भंगारवाल्याला पुढच्या वर्षी व्याख्यानाला बोलवा," वक्ते म्हणाले, आणि अध्यक्ष आभार मानायला उठले.