आईच्या ताटाचा अभ्यास

(विहाराच्या वर्धापनदिनी वाकड येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आळवीच्या शेतकऱ्याची कथा आपण ऐकली असेल. हरवलेला बैल शोधून दमलेला, उपाशी असा तो धम्म ऐकायला आला. तथागतांनी आधी त्याला जेवू घालायला सांगितलं, उपदेश नंतर केला. आज मी ज्या शिक्षणाबद्दल बोलणार आहे, ते या भुकेचंच शास्त्र आहे. पोषणशास्त्र, मानवविकास, बालकल्याण अशी त्याची नावं.

आपल्याकडे मूल हुशार निघालं की डॉक्टर नाहीतर इंजिनिअर. हिंजवडी शेजारी आल्यापासून तर कॉम्प्युटरशिवाय बोलणं नाही. गृहविज्ञान म्हटलं की लोक विचारतात, "स्वयंपाक शिकायला कॉलेज कशाला?" त्याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे.

१९९३ साली पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. त्या काय खातात, किती राबतात, बाळ किती वजनाचं होतं, सगळं मोजलं. बाळांचं सरासरी वजन भरलं सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५ किलो. पण गंमत बघा, आपली बाळं वजनानं कमी असूनही त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण जास्त होतं. पुढं मोठेपणी मधुमेह का गाठतो, याचा एक धागा इथं सापडला. आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी २००१ साली दाखवलं की, ज्या आया पालेभाजी, फळं, दूध वरचेवर खात होत्या त्यांची बाळं अंगानं चांगली भरली. आणि शेतात राबणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या आयांची बाळं लहान, हेही त्याच अभ्यासातून पुढं आलं.

आता बाबासाहेब आठवा. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर कामगार बाईला विसावा मिळणं हे राष्ट्राच्याच हिताचं, असं त्यांनी मांडलं. १९२९ ला कायदा झाला. खेड्यातल्या आयांचं ओझं मोजायला पुढं साठ-सत्तर वर्षं लागली!

माझं म्हणणं एवढंच की, अशा अभ्यासात मोजली जाते ती गरीब आई, आणि वही घेऊन प्रश्न विचारणारा बहुधा दुसऱ्या वस्तीतून आलेला असतो. रात्रपाळीहून आलेल्या बाईचं जेवण किती वाजता होतं, घरात शेवटी कोण जेवतं, हे विचारायचं सुचणार कुणाला? ज्यानं ते घरात पाहिलं त्याला. वाकडमध्ये टॉवर उभे राहतात, त्यांच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोल्यांत मजुरांची पोरं वाढतात. पन्नासपेक्षा जास्त बाया कामावर असतील तर पाळणाघर हवं, असा १९९६ चा बांधकाम मजुरांचा कायदा होता. तो किती साइटवर पाळला गेला, त्या पोरांचं वजन-उंची काय, हा पीएच.डी.चा विषय नाही का?

शिकायचं कुठं? पुण्यात कर्वे रस्त्यावर एसएनडीटीचं गृहविज्ञान महाविद्यालय आहे, पण ते मुलींसाठी. परभणीच्या कृषी विद्यापीठातही हे शिक्षण मिळतं. तिथं आता त्याला सामुदायिक विज्ञान म्हणतात. मुलांनीही लाजू नये, बाळ काही एकट्या आईचं नसतं. पदवी, मग एम.एस्सी., मग नेट. नेटला गृहविज्ञान हा स्वतंत्र विषय आहे. ती पास झाली की प्राध्यापकीचा दरवाजा उघडतो. नोकरी लगेच मिळेल असं मात्र मी सांगणार नाही, जागा थोड्या निघतात. पीएच.डी.साठी पुण्याच्या बार्टीची अधिछात्रवृत्ती असते, त्यात आपली मुलं बसतात. जाहिरातीवर लक्ष ठेवावं लागतं, आणि जातीचा दाखला व पडताळणी आधीच करून ठेवा. ऐन वेळी धावपळ करून तारखा हुकलेल्या मी पाहिल्या आहेत.

यंदा बारावीला असलेल्यांनी गुणपत्रिका घेऊन रविवारी वंदनेनंतर इथंच थांबावं. अर्ज बरोबर बसून भरू. आई-वडिलांनीही यावं.

जयभीम! नमो बुद्धाय!