गाडी कशाने रुसते?



आज आपण गाडीविषयी बोलू. गावात जीप आहे, मालाचा टेम्पो आहे. भाजी बाजारात जाते ती गाडीनं. अडलेली बाई दवाखान्यात पोचते ती गाडीनं. पण कधी कधी गाडी रुसते. सकाळी चालू होत नाही, दुपारी आपोआप होते. मग लोक म्हणतात, "बरी झाली, जाऊ द्या!" असे म्हणू नये. आपोआप गेलेला दोष आपोआप परत येतो. घाईच्या वेळी आला तर मोठी पंचाईत होते.

मग करावे काय? आधी कान द्यावा.

चावी फिरवली अन् नुसते टिक-टिक-टिक झाले, तर बहुधा वीज कमी पडते आहे. सेल्फ घर्र-घर्र फिरतो पण इंजिन धरत नाही, तर बॅटरीला बोल लावू नये. डिझेलच्या गाडीत नळीत हवा शिरली असेल, फिल्टर तुंबला असेल. पेट्रोलच्या गाडीत पेट्रोल येते का आणि प्लगला ठिणगी पडते का, हे पाहावे.

आता डोळ्यांनी पाहू. पुढचे दिवे लावा आणि सेल्फ मारा. दिवे विझायला आले, तर दोष बॅटरीत किंवा तिच्या जोडात. दिवे लख्खच राहिले आणि सेल्फ फिरला नाही, तर दोष सेल्फमध्ये किंवा त्याच्या तारेत असावा.

"कधी होते, कधी नाही" असे असेल, तर आपण आधी जोड तपासू. खाचखळग्यांच्या रस्त्याने जोड ढिले होतात. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी धरते. तिच्यातून वीज नीट जात नाही. बॅटरीपासून गाडीच्या अंगाला आणि इंजिनला जाणारी अर्थिंगची तारही बघा. ती पुष्कळदा विसरली जाते.

जोड साफ करताना इंजिन बंद ठेवा. आधी वजा खुणेची तार काढा, मग अधिक खुणेची. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून टोके घासा. ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. टोके कोरडी करा. जोडताना अधिकची तार आधी, वजाची शेवटी. जोड घट्ट करून वर व्हॅसलीन लावा. जवळ विडी-काडी नको. बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो. तिचे तेजाब अंगावर उडाले, तर भरपूर पाण्याने धुवा.

नवी बॅटरी घेण्याआधी मिस्त्रीकडून वीज मोजून घ्या. १२ व्होल्टची भरलेली बॅटरी इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना बहुधा १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसतात. आकडा वर चढलाच नाही, तर बॅटरी भरली जात नाही. मग नवी बॅटरीही थोड्या दिवसांत बसेल. दुखणे रेड्याला अन् औषध पखालीला, असे होईल. पैसेही जातील.

शेवटी एक गोष्ट. मिस्त्रीपुढे गाडी हटकून चालू होते! मग त्याला दोष दिसणार कसा? म्हणून गाडीत एक वही ठेवा. गाडी रुसली की लिहा: तारीख, वेळ, इंजिन थंड होते की गरम, आवाज कसा आला, दिवे कसे होते. आता आपल्याला लिहिता येते. पाच-सहा ओळी झाल्या, की वही मिस्त्रीपुढे ठेवा. गाडीला बोलता येत नाही. तिच्या वतीने वही बोलेल.