नित्याचीं मापें आणि त्यांतील खुब्या

मोजण्याचें साधन म्हटलें कीं तें घट्ट, नीटनेटकें व अचल असावें, अशी सर्वसाधारण समजूत असते. म्हणून नव्या पोलादी टेपेच्या टोंकाचा आंकडा बोटाखालीं खुळखुळला, तर घरधन्यास वाटतें, माल हलका निघाला. एखादा हौशी गृहस्थ हातोडीचे दोन टोले देऊन तो आंकडा पक्का करून टाकतो. त्या दिवसापासून ती टेप खोटें सांगूं लागते. आणि कपाटाचा खण बसेनासा झाला म्हणजे दोष मात्र सुताराच्या माथीं येतो. नित्याच्या मापांत अशा कित्येक गोष्टी आहेत, कीं ज्या पाहणाऱ्यास खोड वाटतात, पण वस्तुतः त्या खुब्या असतात. त्यांतील चार-दोन समजून घेणें प्रत्येक घरास हिताचें आहे.

प्रथम या आंकड्याचाच विचार घ्यावा. फळी मोजतांना आंकडा तिच्या कडेस बाहेरून अडकवितात; तेव्हां माप आंकड्याच्या आंतल्या बाजूपासून सुरू होतें. परंतु खिडकीच्या चौकटीचें आंतलें माप घेतांना तोच आंकडा लांकडावर टेकवावा लागतो, आणि माप त्याच्या बाहेरच्या बाजूपासून सुरू व्हावें लागतें. दोहोंत फरक पडतो तो आंकड्याच्या पत्र्याच्या जाडीचा, म्हणजे सुमारें एका मिलिमीटरचा. यासाठीं रिबिटांचीं भोंकें मुद्दाम लांबट ठेवितात, आणि आंकडा बरोबर आपल्या जाडीइतका मागें-पुढें सरकतो. ओढला तर बाहेर येतो, दाबला तर आंत जातो. दोन्ही वेळां शून्य योग्य जागीं राहतें. तो ठोकून बसविला, तर आंतलीं मापें कमी तरी भरतात, किंवा बाहेरचीं जास्त तरी. पुष्कळ आंकड्यांना मध्यें एक खांच असते. ती खिळ्याच्या डोक्यावर बसविली म्हणजे दुसऱ्या माणसावांचून टेप धरतां येते.

टेपेची पट्टी पन्हळीसारखी किंचित् वांकविलेली असते, तीहि शोभेसाठीं नव्हे. सपाट पट्टी हवेंत पुढें केली तर मान टाकते. पन्हळी पट्टी हातभर पुढें जाऊनहि ताठ राहते. अशा पट्टीचें पेटंट अमेरिकेंत हायरम फॅरँड याच्या नांवें १९२२ सालीं झालें. शिवाय पुष्कळ टेपांच्या डबीवर डबीचीच लांबी छापलेली असते. कोनाड्याचें माप घेतांना डबी एका भिंतीस टेकवावी, पट्टीवरील आंकड्यांत ती लांबी मिळवावी. पट्टी कोपऱ्यांत दुमडून अंदाज करण्याचें कारण उरत नाहीं.

आतां मुलांच्या कंपासपेटीतील फूटपट्टी पाहावी. तिचें शून्य पट्टीच्या अगदीं टोंकाशीं नसून थोडें आंत असतें. पुष्कळ मुलें टोंकापासूनच मोजतात आणि उत्तर चुकलें म्हणजे बुचकळ्यांत पडतात. टोंक दप्तरांत आपटतें, झिजतें, त्याचे टवके उडतात; शून्य तेथेंच असतें तर पट्टीबरोबर मापहि झिजलें असतें. म्हणून कारागिरानें झिजण्यासाठीं थोडी जागा वेगळी काढून ठेविली. तिची एक कड उतरती केलेली असते, तिचें कारण निराळें आहे. जाड कडेवरील रेघ व कागद यांत अंतर राहतें, आणि डोळा जरा तिरपा झाला कीं रेघ सरकल्यासारखी दिसते. उतरत्या कडेमुळें रेघ कागदास भिडते व डोळ्याची चूक कमी होते.

तिसरें साधन जिवाशीं संबंध असलेलें, म्हणजे तापमापक. इंग्लंडांत १८६७ च्या सुमारापर्यंत तापमापक फूटभर लांब असे, आणि ताप कळण्यास वीस मिनिटें लागत. टॉमस क्लिफर्ड ऑल्बट या वैद्यानें तो सहा इंचांवर व पांच मिनिटांवर आणला. पाऱ्याच्या वैद्यकीय तापमापकांत फुग्याच्या वर नळीचा गळा मुद्दाम चिमटलेला असतो. पारा तापून पसरला कीं त्या गळ्यांतून जोरानें वर चढतो. पण थंड होतांना तेथें त्याचा धागा तुटतो आणि वरचा पारा वरच राहतो. त्यामुळें काचनळी तोंडांतून काढून उजेडांत सावकाश वाचतां येते. मात्र याच कारणानें ती झटकल्यावांचून पुन्हां लावली, तर कालचा ताप आजच्या रोग्याच्या नांवावर पडतो. ती कढत पाण्यानें धुणें हाहि अपराधच; तिची धांव फारेनहाइटच्या ९४ पासून १०८ अंशांपर्यंतच असल्यामुळें पाऱ्यास जागा न उरून काच फुटते. पारा विषारी असल्यामुळें २०१३ सालीं संमत झालेल्या मिनामाता करारानें अशा तापमापकांची निर्मिति टप्प्याटप्प्यानें थांबविण्याचें ठरविलें. तरी जुना तापमापक ज्या घरांत असेल, तेथें मुलांच्या हातीं तो देऊं नये.

शेवटीं बाजाराकडे वळावें. १९५६ च्या कायद्यानें शेर-तोळ्यांच्या जागीं किलोग्रॅम येण्याचा मार्ग मोकळा झाला. भाजीवाल्याच्या तागडींतील षट्कोनी बिडाचें वजन उलटें करून पाहिलें, तर तळाशीं एक खळगा आणि त्यांत शिसें भरलेलें दिसतें. अनोळखी गिऱ्हाइकास ही लबाडी वाटते. खरें पाहतां ती लबाडीवरची कडी आहे. बिडाचें ओतीव वजन सांच्यांतून तंतोतंत उतरत नाहीं. म्हणून खळगा ठेवितात आणि शिसें कमी-अधिक करून वजन बरोबर आणितात. त्याच मऊ शिशावर वैधमापन निरीक्षक आपली मोहोर उठवितो. तींत तपासणीचें वर्ष व तिमाही यांची खूण असते. कोणी शिसें खरवडलें तर मोहोर बिघडते, आणि चोरी आपण होऊन उघडी पडते. वजन झिजतें म्हणून दर दोन वर्षांनीं त्याची पुनः तपासणी करून घेणें २००९ च्या वैधमापन कायद्याखालील नियमांनीं आवश्यक ठरविलें आहे. विजेच्या तराजूस ही मुदत एक वर्षाची आहे. त्या तराजूच्या कोपऱ्यांत बहुधा एक लहान बुडबुडा असतो. तो वर्तुळाच्या मध्यावर नसेल तर तराजू कललेला आहे असें समजावें.

या सर्व खुब्यांच्या मुळाशीं एकच विचार आहे. साधनाला स्वतःची जाडी असते, तें झिजतें, माणसाचा डोळा तिरपा होतो, हात घाईचा असतो आणि मन कधीं लोभी असतें. ज्यांनीं हीं साधनें घडविलीं, त्यांनीं हे दोष नाकारले नाहींत. त्यांची तजवीज केली. परंतु ती तजवीज जाणणारा कोणी नसेल, तर मोहोर असून नसल्यासारखी होते. दोन वर्षांमागची मोहोर असलेल्या वजनानें घेतलेला किलोभर तांदूळ किती भरतो, हें ज्या घरांत महिन्याचा हिशेब पैशा-पैशानें जुळवावा लागतो, त्या घरास विचारावें. म्हणून यापुढें बाजारांत गेलेल्या गृहिणीनें संकोच न करतां वजन उलटें करावें व मोहोर पाहावी. प्रामाणिक दुकानदारास त्याचा राग येणार नाहीं.